गोळ्यांचा डबा समोर असू द्या

आईबाबांनो, ज्या घरातल्या मुलीला फिट्स येतात, त्या घरात काही प्रश्न वर्षानुवर्षं मनात असतात आणि ओठांवर येत नाहीत. शाळा होते, कॉलेज होतं, नोकरी लागते. मग स्थळं बघायची वेळ येते आणि जेवणं आटोपल्यावर तुम्ही दोघं आतल्या खोलीत बोलायला लागता. हिचं लग्न जमेल का? जमलं तर सांगायचं का? पुढे दिवस गेले तर हिला झेपेल का? बाळ धडधाकट होईल ना? तुमच्या मुलीच्या मनातही हेच प्रश्न असतात. ती तुमच्याशी बोलत नाही, कारण तुम्ही तिच्याशी बोलत नाही.

अपस्मार असलेल्या मुली आणि त्यांचे पालक यांच्याशी बोलणं हा माझ्या कामाचा भाग आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. अपस्मार असलेल्या बहुतेक बायका सुखरूप आई होतात आणि त्यांची बहुतेक बाळं निरोगी असतात. धोका आहेच, पण त्यातला पुष्कळसा टाळता येतो. तो टाळायची खरी वेळ असते ती दिवस राहण्याच्या आधीची. नेमकी तीच वेळ आपल्याकडे हातची जाते, कारण आजाराबद्दल बोलायचं नाही असं घरात ठरलेलं असतं. लपवणं हा आपल्याला चार लोकांत मान राखण्याचा मार्ग वाटतो, पण त्याची किंमत मुलीच्या आणि तिच्या बाळाच्या जिवाला मोजावी लागते. म्हणून आज हे हितगुज.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. कुणी फिट म्हणतं, कुणी आकडी, कुणी फेफरं, कुणी मिरगी. मेंदूतल्या पेशींमध्ये विजेचे बारीक संदेश सतत ये-जा करत असतात. त्यांचा अचानक कल्लोळ झाला की फिट येते. यात बाहेरची बाधा नाही, कुणाची नजर नाही आणि मागच्या जन्मीचं पापही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य औषधोपचार मिळाले तर त्यांच्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. यातल्या बायका शिकतात, कमावतात, संसार करतात, मुलं वाढवतात.

आता लपवण्यामुळे नेमकं काय होतं ते बघा. लग्न ठरताना सांगितलं नाही, म्हणून मुलगी सासरी जाताना गोळ्यांची पाकिटं बांगड्यांच्या डब्यात तळाशी ठेवते, वर दोन डझन बांगड्या. गोळीची वेळ रात्री नऊची, पण नऊ वाजता सगळे हॉलमध्ये टीव्हीसमोर. ती दहाला उठते, साडेदहाला उठते, एखाद्या दिवशी जमतच नाही. पाकीट संपलं की मेडिकलमध्ये जायचं कसं, चिठ्ठी दाखवायची कुणाला, पैसे कुणाकडे मागायचे? गोळ्या संपल्यावर आठ दिवस तसेच जातात. त्यात नव्या घरातली धावपळ, पाहुणे, अपुरी झोप, श्रावणातले उपवास. मग एका पहाटे स्वयंपाकघरात फिट येते आणि आधीच माहीत असलेला एक आजार त्या घरात भूकंपासारखा कोसळतो. गोळी चुकणं आणि झोप कमी होणं ही फिट येण्याची सगळ्यात नेहमीची दोन कारणं, आणि लपवलेल्या आजारात ही दोन्ही हमखास असतात.

याच मुलीला दिवस जातात. गावातल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे सासूबाई बरोबर असतात. डॉक्टर विचारतात, "आधीचा काही आजार, कुठली औषधं चालू?" मुलगी म्हणते, "काही नाही." त्या दोन शब्दांनी तिच्यावरच्या उपचारांची दिशाच चुकते.

कायद्याचंही सांगते. हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला अडसर मानला होता. बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकला गेला. आज अपस्मार आहे एवढ्यावरून कुणी लग्न बेकायदा ठरवू शकत नाही. पण आजार मुद्दाम लपवला, आमची फसवणूक झाली, असा दावा करायला मात्र लपवणारे आपणच जागा करून देतो. म्हणून स्थळाशी बोलणं पुढे सरकू लागलं की साखरपुड्याच्या आधी सांगा. मुलगी आणि मुलगा दोघंच बोलतात त्या वेळी तिने स्वतः सांगितलं तर उत्तम. आजाराचं नाव, शेवटची फिट कधी आली, कुठलं औषध चालू आहे, डॉक्टर काय म्हणतात, एवढं स्वच्छ शब्दांत. हवं असेल तर मुलाला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्याला हवे ते प्रश्न विचारू द्या. काही स्थळं मागे फिरतील, आणि तुम्हाला वाईट वाटेल. पण जे घर ऐकून घेऊन पुढे येईल, त्याच घरात तिच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी राहील. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या 'संवेदना' या स्वमदत गटाने अपस्मार असलेल्यांच्या विवाहाचा प्रश्नही हाती घेतला. अशा ठिकाणी एकदा जाऊन या. आपल्यासारखे दहा आईबाप भेटले की मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं.

आता मुख्य गोष्ट, औषधांची. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असताना फिट आली, डॉक्टरांनी औषध दिलं, फिट थांबली. तुम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि तीच चिठ्ठी पुढे चालू राहिली. आज ती पंचविशीची आहे. कपाटातली जुनी फाइल काढून एकदा बघा, त्यावर कुठलं नाव आहे ते. 'सोडियम व्हॅल्प्रोएट' किंवा 'डायव्हॅल्प्रोएक्स' असेल तर हा मजकूर सावकाश वाचा. ब्रँडचं नाव वेगळं असतं, म्हणून पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव शोधा.

व्हॅल्प्रोएट हे फिट थांबवणारं फार गुणकारी औषध आहे. पण गरोदरपणात ते पोटातल्या बाळाला बाधू शकतं. कुठल्याही गरोदरपणात शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. आईला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हे प्रमाण शंभरात सुमारे दहापर्यंत जातं. पाठीच्या कण्याचे दोष, हृदयाचे दोष, दुभंगलेली टाळू, असं त्यात असतं. त्याशिवाय शंभरातल्या तीस-चाळीस मुलांत बोलणं, शिकणं, लक्षात ठेवणं यात मागे पडण्याची शक्यता असते, आणि स्वमग्नतेचा धोकाही वाढतो. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळून झालेल्या 'नीड' नावाच्या अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतर औषधांच्या मुलांपेक्षा आठ ते अकरा गुणांनी कमी भरला. म्हणून ज्या मुलीला पुढे मूल होऊ शकतं तिला शक्यतो हे औषध देऊ नये, दुसऱ्या कशानेच फिट थांबत नसेल तर तिला सगळं समजावून सांगून मगच द्यावं, अशी आजची रीत आहे.

दुसरी औषधं आहेत. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम यांच्यावर असलेल्या आयांच्या बाळांत व्यंगांचं प्रमाण जवळपास इतरांइतकंच आढळतं. कार्बामाझेपिनचा धोका थोडा जास्त, फेनोबार्बिटोन आणि टोपिरामेटचा त्याहून जास्त. दोन-तीन औषधं एकत्र घेण्यापेक्षा एकच, आणि फिट थांबेल इतक्या कमीत कमी डोसात, हे सूत्र. ही सगळी माहिती परदेशातलीच आहे असं समजू नका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ मध्ये अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही सुरू केली. दिवस राहण्याआधीपासून किंवा अगदी सुरुवातीपासून बायकांची नोंद करायची, बाळंतपणापर्यंत पाठपुरावा करायचा आणि पुढे मुलांची वाढही बघायची, असं हे काम. आपल्याच देशातल्या, आपल्यासारखंच खाणाऱ्या-पिणाऱ्या, सासर-माहेर सांभाळणाऱ्या बायका त्या नोंदवहीत आहेत.

मग औषध बदलायचं तर आजच का बदलू नये? कारण हा बदल सावकाशच व्हावा लागतो. लॅमोट्रिजिन घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. व्हॅल्प्रोएट चालू असताना ते जोडायचं तर आणखी हळू वाढवावं लागतं, कारण व्हॅल्प्रोएटमुळे त्याची रक्तातली पातळी खूप चढते. नवं औषध आठवड्याआठवड्याने वाढवायचं, जुनं हळूहळू उतरवायचं, मग नव्या औषधावर फिट येत नाही ना ते काही महिने बघायचं. यात सहा महिने, वर्ष सहज जातं. म्हणून मी म्हणते, मूल हवं असं ठरण्याच्या वर्षभर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. लग्नाच्या खरेदीची यादी करता त्यातच ही भेट लिहून ठेवा.

दुसरी गोळी फॉलिक अ‍ॅसिडची. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया ज्या नळीतून घडतो, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली हे लक्षात येऊन डॉक्टरांकडे जाईपर्यंत ते काम उरकलेलं असतं. म्हणून ही गोळी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. इतर बायकांना दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. अपस्माराची औषधं चालू असतील तर पुष्कळ डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. आपल्या मुलीला किती हवी ते तिचे डॉक्टर सांगतील.

आणि तोवर पाळणा लांबवायचा असेल, तर तेही विचारूनच. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांच्यासारखी औषधं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. गोळी चालू असतानाही दिवस राहू शकतात. उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. कॉपर टीला या औषधांची अडचण नसते. आईला मुलीशी हे बोलायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना दोघींसमोर बोलायला सांगा, पण ते बोलणं व्हायलाच हवं.

आता सगळ्यात घातक चुकीकडे येते. दिवस राहिल्याचं कळतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाळाला बाधतील, बंद कर त्या गोळ्या." प्रेमापोटीच म्हणतं. पण एका झटक्यात औषध थांबवणं म्हणजे मोठी फिट ओढवून घेणं. मोठ्या फिटमध्ये आई पडते, तिच्या पोटाला मार बसू शकतो, काही क्षण तिच्या आणि बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो. फिट एकामागून एक चालू राहिल्या तर दोघांचाही जीव धोक्यात येतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची बारकाईने चौकशी होते. त्या अहवालांत अपस्मारामुळे झालेले मृत्यू पुन्हा पुन्हा दिसतात, आणि औषध बंद केलेल्या, दिवस राहण्याआधी कुणाचा सल्ला न मिळालेल्या बायका त्यांत असतात. म्हणून औषध कुठलंही असो, अगदी व्हॅल्प्रोएट असलं तरी, आपल्या मनाने एक गोळीही बंद करायची नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. हे वाचणाऱ्या कुणाच्या मुलीला आधीच दिवस गेले असतील, तर तिला धीर द्या. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या बहुतेक आयांचीही बाळं व्यंगाशिवाय जन्मतात. लवकर भेटलं की पुष्कळ काही करता येतं.

गरोदरपण कसं जाईल, याचा अंदाज मागच्या वर्षावरून येतो. आधीचे नऊ महिने ते वर्षभर फिट आलेली नसेल, तर शंभरातल्या ८४ ते ९२ जणींना गरोदरपणातही येत नाही. मात्र शरीर बदलतं तसं औषधही. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडू लागतात, रक्तातली पातळी उतरते, म्हणून डोस वाढवावा लागतो. डोस वाढला म्हणजे आजार बळावला असं समजू नका. ज्यांना शक्य आहे त्यांनी दर महिन्या-दोन महिन्यांनी पातळीची तपासणी करून घ्यावी. नसेल जमत, तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. सुरुवातीच्या उलट्यांत गोळी बाहेर पडली तर पुन्हा घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवा. १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला बाळाची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. गावाकडे असाल तर आशाताईंना आजार सांगा, माता-बाल संरक्षण कार्डावर तो आणि औषधाचं नाव लिहून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्या.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं की मुलगी तुमच्याकडे येते. गाव बदलतं, दवाखाना बदलतो, मेडिकलवाला बदलतो. इथे फार जपा. तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून एका कागदावर औषधांची नावं, सध्याचे डोस, फिट आली तर काय द्यायचं आणि बाळंतपणानंतर डोस कसा उतरवायचा, हे लिहून घ्या. प्रसूतीच्या डॉक्टरांना तो कागद नवव्या महिन्याची वाट न पाहता द्या. गोळ्यांचा ब्रँड तोच ठेवा आणि महिनाभराचा साठा बरोबर आणा.

अपस्मार आहे म्हणून सिझेरियन करावं लागतं, असं नाही. बहुतेक जणींचं बाळंतपण नैसर्गिकपणे होतं, वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शनही घेता येतं. कळांच्या काळात शंभरात एक-दोन जणींना फिट येते आणि पहिल्या २४ तासांत आणखी एक-दोघींना. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, आणि कळा चालू असतानाही गोळीची वेळ पाळायला हवी. दवाखान्याच्या पिशवीत दुपट्यांच्या वर गोळ्यांचा डबा ठेवा. एक लक्षात असू द्या. गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात आलेली फिट रक्तदाब वाढल्यामुळेही असू शकते. तिचा उपचार वेगळा असतो. "तिला पहिल्यापासून येतातच" असं म्हणून घरी थांबू नका.

बाळ जन्मल्यावर पहिला प्रश्न : अंगावर पाजायचं का? पाजायचंच. औषध थोडं दुधातून जातं, पण पोटात असताना बाळाला नाळेतून जितकं मिळत होतं त्याहून बहुधा कमीच. 'नीड' अभ्यासात औषध घेणाऱ्या आयांच्या ज्या मुलांना आईचं दूध मिळालं, त्यांचा सहाव्या वर्षीचा बुद्ध्यंक न मिळालेल्यांपेक्षा सरासरी चार गुणांनी जास्तच होता. फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझामसारखं गुंगी आणणारं औषध असेल तर बाळ फार झोपाळू तर नाही ना, नीट ओढतं ना, वजन वाढतं ना, एवढं बघायचं. जन्मल्याबरोबर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला विसरू देऊ नका.

बाळंतिणीकडे मात्र दुहेरी लक्ष हवं. गरोदरपणात वाढवलेला डोस बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत खाली आणावा लागतो, कारण शरीर पूर्ववत होतं आणि औषध रक्तात साठू लागतं. चक्कर येणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं ही औषध जास्त झाल्याची खूण असते. "बाळंतीण अशक्त आहे, डिंकाचे लाडू दे" म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. अशा वेळी डॉक्टरांना फोन करा. आणि खोलीतली शेगडी. शेक-शेगडी, धुरी यांची आपली जुनी पद्धत आहे. पण फिट येणाऱ्या बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवायचे नाहीत आणि तिला धगीजवळ एकटं सोडायचं नाही. हे घरातल्या आजीला प्रेमाने पण ठामपणे सांगा.

माहेरच्या सव्वा महिन्यात एक मोठं सुख असतं. बाळाला न्हाऊ घालायला बाई येते, आजी मांडीवर घेऊन झोपवते, आणि लेकीला झोप मिळते. ही झोप तिचं निम्मं औषध आहे. रात्रीचं एक पाजणं तिच्यावरून उतरवा. दूध काढून ठेवलं तर बाबा किंवा आजी वाटी-चमच्याने पाजू शकतात आणि तिला सलग चार-पाच तास पडता येतं. खरी परीक्षा पुढे, ती आपल्या घरी परतते तेव्हा. तिथे दिवसा बाळ आणि ती दोघंच असतील. त्यासाठी काही सवयी माहेरीच लावून द्या. पाजताना खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला न बसता जमिनीवर गादी घालून, पाठ भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंना उशा लावून बसायचं. लंगोट बदलायचा तोही जमिनीवर. घरात दुसरं कुणी असल्याशिवाय बाळाला पाण्यात अंघोळ घालायची नाही, एकटी असेल तर ओल्या कपड्याने पुसून घ्यायचं. बाळ कडेवर घेऊन गॅसजवळ उभं राहायचं नाही. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. या सवयी लागल्या की ती निर्धास्तपणे आईपण जगते.

घरातल्या प्रत्येकाला, जाऊबाई, दीर, शेजारच्या काकूंनाही, फिट आल्यावर काय करायचं ते शिकवा. घाबरून धरून ठेवू नका. बाळ जवळ असेल तर आधी बाळ बाजूला घ्या. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याजवळचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपणच थांबते. घड्याळ बघा. पाच मिनिटांहून जास्त चालली, एकामागून दुसरी आली, किंवा ती गरोदर आहे, तर १०८ ला फोन करा.

तुमच्या मनातला आणखी एक प्रश्न मला माहीत आहे. बाळालाही हा आजार होईल का? अपस्मार असलेल्या आईच्या शंभर मुलांपैकी नव्वदहून जास्त मुलांना तो होत नाही. काही थोड्या प्रकारांत आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. आपला प्रकार कुठला, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि मग त्या भीतीला घरात जागा देऊ नका.

लेकीच्या मनाकडेही बघा. अपस्मार असलेल्या बायकांमध्ये बाळंतपणानंतर उदासी येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. "मी बाळाला सांभाळू शकणार नाही, माझ्या हातून ते पडेल" असे विचार सतत येत असतील, ती रडत असेल, बाळाकडे बघतच नसेल, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देऊ नका. त्यावर उपचार आहेत. आणि तिच्या हातातून बाळ काढून घेऊ नका. मदत करायची ती बाळाला तिच्याजवळ राहू देऊनच. "तुला जमणार नाही, दे इकडे" हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकणारी आई आजाराआधी त्या वाक्यानेच खचते. मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्यालाही सोप्या शब्दांत सांगा, आईला कधी कधी फिट येते, तेव्हा शेजारच्या काकूंना हाक मारायची, घाबरायचं नाही. मुलं ते छान समजून घेतात, आणि ज्या गोष्टीचं नाव माहीत आहे तिला कमी भितात.

सासरच्या मंडळींना एवढंच सांगायचं आहे. सून तुम्हाला खरं सांगून घरात आली, हा तुमच्यावर टाकलेला विश्वास आहे. डॉक्टरांकडे जाताना नवऱ्याने बरोबर जावं, औषधांची नावं त्याला पाठ असावीत, गोळीची वेळ झाली की घरातल्या कुणीही हाक द्यावी. आणि आई व्हायचं की नाही, कधी व्हायचं, एकच मूल की दोन, हा निर्णय तिचा आणि तिच्या नवऱ्याचा. आजारावरून तिला मूल नाकारायचा हक्क कुणाला नाही आणि आजार असूनही ते तिच्यावर लादायचा हक्कही नाही.

आईबाबांनो, मुलीला पहिल्यांदा फिट आली तेव्हा तिला उचलून तुम्हीच दवाखान्यात धावलात. तेव्हा चार लोक काय म्हणतील हा विचार तुमच्या मनाला शिवला नव्हता. तेच धैर्य आता पुन्हा दाखवा. या आठवड्यात तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा, तुला काय वाटतं, तुला काय हवंय. तिची फाइल काढा, औषधाचं मूळ नाव वाचा. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि तिला बोलू द्या. तिने हे चार प्रश्न विचारावेत : माझं औषध बाळासाठी योग्य आहे का? बदलायचं असेल तर किती महिने लागतील? फॉलिक अ‍ॅसिड कधीपासून आणि किती? दिवस राहिले की कुणाला आणि केव्हा भेटायचं? या चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून घेऊन तुमची लेक दवाखान्याबाहेर पडली, तर तिच्या आईपणाची तयारी सुरू झाली, आणि ती तुम्ही करून दिलेली असेल.